जिन्याखालचा संडास

कुमब्रिन
रविवार, ११ जानेवारी

प्रिय येस्टिन,

जिन्याखालच्या कपाटात संडास बसवतो आहे. हे तुला कळवावं असं तुझ्या आईचं म्हणणं पडलं, म्हणून हे पत्र. फोनवर तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. पत्र तसं बंद करता येत नाही. न उघडता फाडता येतं, हे मला माहीत आहे. पण पाकीट दिसलं की उघडायचं ही तुझी लहानपणापासूनची खोड. गॅसची बिलंसुद्धा तूच उघडायचास. त्या खोडीच्या भरवशावर लिहितो आहे.

बुधवारी आई ब्रिस्टलहून, तुझ्याकडून परतली. अंगातला कोट न काढता ती स्वयंपाकघरात गेली आणि फडताळातून उकडलेलं अंडं उभं ठेवायची ती चिनी मातीची वाटी काढून माझ्यापुढे ठेवली. निळ्या काठाची, तुझीच. म्हणाली, "एवढंच."

मी म्हटलं, "काय एवढंच?"

"त्याच्या लघवीच्या पिशवीत आता एवढंच मावतं. तपासून सांगितलं त्यांनी. एकवीस वर्षांचा मुलगा आहे, एम्लिन. रात्रंदिवस दर वीस मिनिटांनी उठतो."

मग तिनं डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. केटामिननं पिशवी आतून भाजून आकसली आहे. आतड्याचा तुकडा जोडून ती मोठी करता येईल, पण सहा महिने त्या पावडरीला हात लावला नाहीस तरच. नाहीतर ते हात लावणार नाहीत. आणि तू राहतोस त्या घरात सहा जण, संडास एक, आणि टीव्हीसमोरच्या टेबलावर ताटलीत ती पावडर, आपल्याकडे बिस्किटं असतात तशी. हेही तिनंच सांगितलं. ती त्या खोलीत अर्धा तास बसली होती. एका पोरानं तिला चहा विचारला. साखर विचारायलाही विसरला नाही, असं म्हणाली.

आपल्याकडेही संडास एकच आहे, तोही वर, न्हाणीघरात. ते दार अजून तसंच आहे.

तेव्हा गैरसमज नको. घरी ये असं तुला कोणी म्हटलेलं नाही. येतो असं तूही म्हटलेलं नाहीस. मी फक्त संडास बांधतो आहे. कपाटातून व्हॅक्यूम क्लीनर, नाताळचं झाड आणि तंबू हे सगळं काढून तुझ्या खोलीत ठेवलं आहे, तेवढं चालवून घे. माझ्या घरच्या बिअरचे दोन ड्रम मात्र अजून तिथेच आहेत, त्यांना जागा सुचलेली नाही. मैल्याचा मोठा पाइप स्वयंपाकघराच्या मागे, म्हणजे लांब पडतो. म्हणून विजेचा पंप लावावा म्हणतो, मैला दळून बारीक पाइपातून ढकलतो तो. दोन दिवसांचं काम.

डॅड


रविवार, १ फेब्रुवारी

प्रिय येस्टिन,

तुझं कार्ड मिळालं. पुढे झुलत्या पुलाचं चित्र, मागे एक ओळ. "पंप नको. त्याचा आवाज अख्ख्या घराला कळतो. उतारानं ने." सही नाही, पण 'उ'ची शेपटी तुझीच.

मी पंप परत केला. दुकानातला माणूस म्हणाला, "का हो, बिघडलाय?" मी म्हटलं, "नाही, बोलतो फार."

उतारानं न्यायचं म्हणजे स्वयंपाकघराची जमीन फोडायला हवी, तेव्हा फोडली. आईच्या त्या पिवळ्या फरश्या गेल्या. तिनं एक शब्द काढला नाही, आणि ही गोष्ट वहीत लिहून ठेवण्यासारखी आहे. सहा मीटर पाइप, पंधरा सेंटीमीटर उतार. तू असतास तर दोन दिवस वाचले असते. एकट्यानं पाणसळ धरायची आणि एकट्यानंच पाइप उचलायचा, म्हणजे चार हातांचं काम दोन हातांनी. गुडघे माझे आता चौपन्न वर्षांचे आहेत आणि ते तसं बोलून दाखवतात.

शुक्रवारी उतार तपासला. ड्रम कुठेतरी हलवायचेच होते. चाळीस लिटर बिअर मी वरून ओतली आणि आईला अंगणातल्या गटाराच्या झाकणापाशी उभं केलं. ती तिथून ओरडली, "एम्लिन, हा सगळा नाताळचा माल आहे ना?"

"काळं असलं की वाहताना दिसतं," मी म्हटलं.

"पाण्यात रंग घालायचा मग."

"रंग कुठे होता घरात?"

ती आत आली, माझ्याकडे जरा बघत राहिली आणि किटली चढवायला गेली. उतार उत्तम आहे. कुठेही थांबलं नाही.

दाराबद्दल लिहायचं होतं. मागच्या पत्रात ते तसंच आहे एवढंच लिहून मी पुढे सरकलो.

चौदा सप्टेंबर. त्याच्या आधी आठवडाभर मी बॉयलरला वेळ लावून ठेवली होती, सकाळी सहा ते सात, एवढाच वेळ गरम पाणी. तू दिवसातून तीनदा टब भरतोस, तास तास आत बसतोस, याचा मला वैताग आला होता. आळस चढलाय पोराला, असं मी आईला म्हणायचो. गरम पाण्यात बसलं की ती कळ जरा सैल पडते, हे मला माहीत नव्हतं. तुम्हा सगळ्या पोरांना माहीत असतं म्हणे. कळ आली की टब, आणि टबानं भागलं नाही की पुन्हा पावडर, कारण तिच्यामुळेच दुखतं आणि तिनंच बधिर होतं. आईनं मला हे कागदावर गोल काढून समजावलं.

त्या दुपारी फ्लशची टाकी नीट भरेना म्हणून मी झाकण उचललं, तर तरंगत्या गोळ्याखाली प्लास्टिकची पिशवी अडकलेली, आत पावडर. येस्टिन, जगात एका माणसापासून काही लपवायचं असेल तर ते फ्लशच्या टाकीत लपवू नये, आणि तो माणूस म्हणजे तुझा प्लंबर बाप. मी पिशवी खिशात घातली आणि तू येईपर्यंत खाली बसून राहिलो. तू आलास तो सरळ वर गेलास, कडी लावलीस, नळ सोडलास. पाणी गार होतं. थोड्या वेळानं तू ओरडायला लागलास. मला वाटलं, गार पाण्याच्या रागानं ओरडतो आहेस. मी वर आलो आणि दाराला खांदा दिला. दुसऱ्या धक्क्याला कडी चौकटीसकट सुटली. तू गुडघे पोटाशी घेऊन त्या गार पाण्यात बसला होतास.

तेव्हा मी काय बोललो ते आपल्या दोघांना माहीत आहे. संध्याकाळी तू निघून गेलास.

चौकट चिरली आहे. वरचं दार दुरुस्त करणं तासाभराचं काम आहे. ते मी का केलं नाही, मला सांगता येत नाही.

डॅड


रविवार, २२ फेब्रुवारी

प्रिय येस्टिन,

कमोड आला. जिना उतरता असल्यामुळे तुझ्यासारख्या उंच माणसाला उठताना डोकं आपटेल, म्हणून भांडं हातभर पुढे घेतलं आहे. बादली पालथी घालून मी स्वतः बसून पाहिलं, डोक्यावर हेल्मेट आणि त्यावर वीट ठेवून, म्हणजे तुझ्या उंचीचा अंदाज येईल. आईनं फोटो काढला. तो तिनं तुला पाठवला असेल तर मला सांगू नकोस.

काल क्लबात सामना होता. टीव्हीवर, दुपारचा. मी सप्टेंबरपासून क्लबात गेलो नव्हतो, हेही तुला आईनं सांगितलं असेल. काल गेलो, कारण एक काम होतं.

तुला ते नाव मी दिलं, हे मला विसरता येत नाही. तू एकोणीस वर्षांचा होतास, असाच सामना होता, आणि तू सात वेळा उठलास. खुर्च्यांच्या रांगेतून जाताना दर वेळी माणसांना गुडघे बाजूला घ्यावे लागायचे. हेविन म्हणाला, "एम्लिन, तुझ्या पोराचा वॉशर गेलाय." मी म्हटलं, "वॉशर कसला, अख्खा नळच गळका आहे. गळक्या." सगळी रांग हसली. प्लंबरच्या पोराला असं नाव, दुसरं काय हवं. तेव्हापासून तू गळक्या. डार्ट्सच्या संघाच्या फळ्यावरसुद्धा तेच लिहिलं गेलं. खरं सांगायचं तर मला त्या दिवशी बरं वाटलं होतं. त्या क्लबात ज्याला नाव पडतं तो आपला झाला, असा हिशेब असतो. मला माझं नाव माझ्या बापानं त्याच खुर्चीवर बसून दिलं होतं.

शिवाय मला तुझा अभिमानही होता. मी तुझ्या वयात शुक्रवारी दहा पेले प्यायचो आणि शनिवारी बापाच्या बुटांत ओकायचो, आणि सगळे म्हणायचे, पोरगा मोठा झाला. तू दोन पेल्यांच्या वर कधी गेला नाहीस. तोंडाला वास नाही, सकाळी डोकं धरून बसणं नाही. मी सगळ्यांना सांगायचो, आमचा येस्टिन आमच्यासारखा नाही.

तर काल. मध्यंतर झालं आणि मी उभा राहिलो. म्हटलं, "एक सांगायचंय. येस्टिनला यापुढे गळक्या म्हणायचं नाही."

हेविन म्हणाला, "का? बसवला का नवा वॉशर?"

"त्याला रक्त पडत होतं," मी म्हटलं. "आपण हसत होतो तेव्हा. केटामिन घ्यायचा तो. त्यानं लघवीची पिशवी आकसते. म्हणून उठत होता."

कोणीतरी टीव्हीचा आवाज बंद केला. क्लबात आवाज बंद करतात तो कोणी गेल्याची बातमी आली तरच.

"ते घोड्यांना देतात तेच ना?" मागून एकानं विचारलं.

"तेच."

गल्ल्यामागचा एल्विन म्हणाला, "आमच्या वेळी निदान कळायचं तरी, काय घशाखाली जातंय ते." त्याच्या हातात सहावा पेला होता आणि गेल्या वर्षी डॉक्टरांनी त्याला यकृताचा फोटो दाखवला आहे. आम्ही प्यायचो ती गंमत आणि तुम्ही घेता तो नाद, असं तिथल्या प्रत्येकाला मनापासून वाटतं. मलाही वाटायचं.

फळ्यावर तुझं नाव अजून होतं. मी फडकं ओलं करून पुसलं आणि खडूनं येस्टिन लिहिलं. जागा कमी पडली, शेवटचं अक्षर बारीक आलं. मग सामना पुन्हा सुरू झाला, आणि सगळ्यांना सुटल्यासारखं वाटलं.

संपायच्या आधी मी मुतारीत गेलो, तर हेविन मागोमाग आला. तो शेजारी उभा राहिला, पण काही करायला आला नव्हता. भिंतीकडे बघत म्हणाला, "आमची लाउरी आंघोळीला फार वेळ लावते."

"दिवसातून किती वेळा?"

"तीनदा. कधी चारदा. बायको म्हणते, या वयात पोरींचं असंच असतं."

"पाणी कसं लागतं?"

"उकळतं," हेविन म्हणाला. "लाल होऊन बाहेर येते."

आईकडे एका बाईंचा नंबर आहे, नशेत अडकलेल्या पोरांशी बोलतात त्या. तो मी त्याला सिगारेटच्या पाकिटावर लिहून दिला. त्यानं हात धुतले नव्हते, तरी बराच वेळ कागदानं पुसत राहिला. मग म्हणाला, "एम्लिन, ते वॉशरचं मी बोललो होतो."

मी म्हटलं, "नाव मी दिलं."

आणि त्या दुपारी दार मोडल्यावर मी तेच नाव घेतलं होतं. ते इथे लिहून टाकतो, म्हणजे मी ते लपवतो आहे असं तुला वाटायला नको. मी म्हणालो, "बाहेर निघ, गळक्या." तुझ्या हातात लपेटायला टॉवेलही नव्हता.

मला त्याची लाज वाटते.

डॅड


रविवार, १५ मार्च

प्रिय येस्टिन,

आईला मातृदिनाची फुलं पोचली. फुलदाणी सापडली नाही म्हणून ती मोजायच्या भांड्यात ठेवली आहेत, आणि त्यावर अर्धा लिटर, पाऊण लिटर असं लिहिलेलं दिसतं. ती दर तासाला जाऊन बघते.

तू अकरा दिवस काढलेस आणि बाराव्या दिवशी मोडलंस, हे तिनं सांगितलं. मी त्यावर काही बोलणार नाही. त्या घरात अकरा दिवस म्हणजे मला तरी पुष्कळ वाटतात.

फरश्या बसल्या. पांढऱ्या. आता वॉशबेसिन आणि दार उरलं आहे, आणि हे पत्र मी तीन रविवार पुढे ढकललं आहे.

गोष्ट टाकीची आहे. माळ्यावरची, जस्ताची, आपण हे घर घ्यायच्या आधीपासूनची. मागच्या वर्षी फेब्रुवारीत मी न्हाणीघरात शिरलो, तर टबाच्या तळाशी तांबूस पाणी राहिलं होतं. मी तिथूनच हाक मारली, "हे काय आहे रे?" तू म्हणालास, "गंज आहे, डॅड. टाकी सडली असेल."

दुसऱ्या कोणा बापाला तू असं सांगितलं असतंस तर त्यानं डोकं खाजवलं असतं. मला गंज समजतो. मी तीस वर्षं गंज बघतो आहे. मला एवढं बरं वाटलं की मी त्याच शनिवारी माळ्यावर चढलो. दोन शनिवार गेले. टाकी बदलली, खालपर्यंतचे सगळे पाइप प्लास्टिकचे घातले. तू टॉर्च धरलास. शिडीवरून तू किती वेळा खाली गेलास ते मी मोजलं नाही, पण दर वेळी मी अंधारात "टॉर्च!" म्हणून ओरडायचो आणि शिव्या घालायचो, हे आठवतं. एकदा मी म्हटलं, "तुला माळ्यावर चढवण्यापेक्षा संडासच माळ्यावर न्यावा." तू हसलास. तुझा चेहरा पांढरा पडला होता.

मग अंगणात मी ती जुनी टाकी करवतीनं कापली, भंगारात न्यायला सोपी जावी म्हणून. आतून ती चांगली होती, येस्टिन. कोपऱ्यात थोडा मळ, बस. अजून वीस वर्षं सहज गेली असती.

मी ती तशीच व्हॅनमध्ये टाकली.

एप्रिलमध्ये वरच्या कमोडात पुन्हा तांबडं दिसलं. आता वरपासून खालपर्यंत प्लास्टिक होतं. प्लास्टिक गंजत नाही. हे मला माहीत नसेल तर कोणाला असणार? कुठेतरी पाणी मुरतंय एवढं कळायला प्लंबर असायची गरज नव्हती, आणि मी तर प्लंबर होतो. मी ब्लीचची बाटली घेतली, ओतलं, ब्रशनं घासलं, आईच्या नजरेला पडू नये म्हणून. ते पुन्हा दिसलं, मी पुन्हा ओतलं. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत. माझ्या गिऱ्हाईक पुबाई, त्या टेकडीवरच्या, ज्यांच्याकडे तू माझ्या हाताखाली कामाला यायचास, त्यांनीसुद्धा मे महिन्यात मला बाजूला घेऊन विचारलं, "पोराचं बरं आहे ना? संडासात गेला की कण्हतो." मी म्हटलं, "वयात आलंय पोर, सगळंच अवघड जातं त्यांना." त्या हसल्या नाहीत. त्यांनी तुझ्यासाठी वेगळा टॉवेल काढून ठेवला होता, हे मला नंतर कळलं.

तेव्हा मला सप्टेंबरमध्ये ती पिशवी सापडली आणि सगळं उघड झालं, असं जे मी आईला सांगितलं, ते खोटं आहे. नाव मला तेव्हा कळलं. काहीतरी आहे हे मला पाच महिने कळत होतं. त्या पाच महिन्यांत तुझी लघवीची पिशवी चहाच्या कपाएवढी होती की अंड्याच्या वाटीएवढी, ते मला माहीत नाही. डॉक्टरांना विचारायचं धाडस नाही.

गंज असता तर तो मला काढता आला असता. म्हणून मी तो गंजच धरून चाललो. मला भीती वाटत होती, दुसरं काही कारण नाही.

हे आईला मी अजून सांगितलेलं नाही. तू सांगितलंस तरी माझी हरकत नाही.

डॅड


रविवार, २९ मार्च

प्रिय येस्टिन,

दोन आठवडे तुझं काही आलं नाही. येईल असंही नाही, हे मी धरून आहे.

आईला मी सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मला वाटायचं, तू एवढं ब्लीच का आणतोस." आणि मग रडली. मीही.

दार लागलं. फक्त कडी राहिली आहे. दोन प्रकारच्या आणून ठेवल्या आहेत. एक साधी, आतून सरकवायची, ती बाहेरून कोणालाही उघडता येत नाही. दुसरीला बाहेरच्या बाजूनं खाच असते, नाणं घालून फिरवलं की उघडते. आई म्हणते, नाण्याची लाव, काही झालं तर आत जाता यायला हवं. मी म्हणतो, ज्या माणसानं एक दार मोडलं त्याला दुसऱ्या दाराची किल्ली देऊ नये. आमचं एकमत होत नाही आणि दार तुझ्यासाठी आहे.

दोन्ही कड्या वॉशबेसिनवर ठेवल्या आहेत. तू म्हणशील ती लावतो. कधीही सांग, घाई नाही.

डॅड


ब्रिस्टल
७ एप्रिल

डॅड,

तू टाकी कापलीस तेव्हा मी अंगणातच उभा होतो. आतून चांगली होती ते मीही पाहिलं. तू माझ्याकडे बघितलंस आणि मी व्हॅनकडे बघत राहिलो. तुला आठवत नसेल.

ब्लीचचा वास मला यायचा. माझ्या आधी तू आत जाऊन आलास की कळायचं. मला वाटायचं, आज हा काहीतरी विचारेल. आणि विचारू नये असंही वाटायचं. दोन्ही एकाच वेळी. तू विचारलं असतंस तर मी पुन्हा गंजच म्हटलं असतं. तेव्हा सगळं स्वतःवर घेऊ नकोस. पण थोडं घे.

लाउरीनं मला मेसेज केला. ती त्या बाईंकडे गेली होती.

आज चोवीस दिवस झाले. खोलीला कुलूप लावून राहतो. ताटली समोर दिसली की हात तिकडेच जातो, म्हणून जेवायलाही खाली जात नाही. इथे सहा महिने निघणार नाहीत, हे मला कळून चुकलंय. हेल्मेटवाला फोटो मिळाला. वीट वाकडी होती. मी तेवढा उंच नाही.

नाण्याची कडी लाव. इथे मी दोनदा आत पडलो आहे, एकदा डोकं आपटलं. दाराबाहेर कोणी नव्हतं.

पण उघडायच्या आधी हाक मार. माझ्या नावानं.

येस्टिन


कुमब्रिन
रविवार, १२ एप्रिल

प्रिय येस्टिन,

नाण्याची लावली. काल तपासली. मी आत बसलो, कडी सरकवली, आईला बाहेर उभं केलं. ती म्हणाली, "एम्लिन?" मी आतून म्हटलं, "आहे." मग आम्ही जागा बदलली आणि मी हाक मारली. ती मुद्दाम बराच वेळ गप्प राहिली. मी नाणं हातात धरून उभा होतो, पण दुसऱ्यांदा हाक मारली, आणि तिसऱ्यांदाही. ती म्हणाली, "हं, जमेल तुला."

खोलीतून नाताळचं झाड हलवलं आहे. बॉयलरची वेळ काढून टाकली, आता चोवीस तास गरम पाणी असतं. वरच्या चौकटीचंही काम झालं.

शनिवारी दहा वाजता व्हॅन घेऊन येतो. गल्लीच्या तोंडाशी थांबेन, तू खाली ये. घर मला माहीत आहे. मागच्या रविवारी मी तिथपर्यंत आलो होतो, वर आलो नाही, कारण तू बोलावलं नव्हतंस.

परत येताना घड्याळ लावून रस्ता पाहिला. घरापर्यंत पाच ठिकाणी थांबता येतं, कुठलंच वीस मिनिटांच्या पलीकडे नाही. पहिला पेट्रोल पंप गावाबाहेर पडता पडता, दुसरं पुलाच्या अलीकडे, तिसरं पूल उतरल्यावर डाव्या हाताला, चौथं न्यूपोर्टचं सुपरमार्केट, पाचव्या पुबाई. त्यांना सांगून ठेवलं आहे, टॉवेल आहे म्हणाल्या.

पाचही ठिकाणी मी आत जाऊन पाहिलं. कड्या आतून नीट लागतात.

डॅड